गव्हाणीतला घास दुधात, मांसात आणि हवेत कसा उतरतो

प्रश्न थोडक्यात असा होता: गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना काय खायला घालतो त्यावर दूध-मांसाचा कस आणि पर्यावरण यांत खरंच फरक पडतो का? कुरणावर चरलेलं जनावर चांगलं आणि धान्य खाल्लेलं वाईट, असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते कितपत खरं? आणि हवा तापवणारा मिथेन वायू कमी करणारं समुद्री शेवाळ द्यायला सुरुवात करावी का?

फरक पडतो, भरपूर पडतो. पण ‘कुरण चांगलं, धान्य वाईट’ हे अर्धवट आहे. पंचवीसेक वर्षं मी जनावरांचा आहार बसवून देण्याचं काम करतोय. दूध, जनावराची तब्येत, हवा, पाणी आणि माणसाचं ताट या सगळ्यांना एकाच वेळी मानवेल असा आहार मला अजून सापडलेला नाही. एका बाजूनं दाबलं की दुसरीकडे फुगतं. कुठे दाबल्यावर कुठे फुगतं हे कळलं, की निवड करता येते. म्हणून उत्तर लांबणार आहे.

सुरुवात कोठीपोटापासून, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या कप्प्यापासून करावी लागते. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर-दीडशे लिटर माल मावतो. आत ३९ अंशांच्या आसपास ऊब असते, प्राणवायू जवळपास नसतोच, आणि एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय प्रोटोझोआ, बुरशी आणि आर्किया नावाचे, दिसायला जिवाणूंसारखे पण वेगळ्या कुळातले जीव. गवतातला सेल्युलोज गाईला स्वतःला पचत नाही, तिच्याकडे ते विकरच नाही. हे भाडेकरू तो फोडतात आणि त्यातून निघालेली मेदाम्लं गाय शोषून घेते. तिच्या एकूण ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा या आम्लांचा असतो. म्हणजे गव्हाणीत जे पडतं ते आधी जंतू जेवतात, गाय नंतरच्या पंगतीला बसते.

या आम्लांत मुख्य तीन: ॲसिटिक, प्रोपिओनिक आणि ब्युटिरिक. ॲसिटिक आणि ब्युटिरिक तयार होताना हायड्रोजन मोकळा होतो, प्रोपिओनिक तयार होताना तो खर्ची पडतो. मोकळा हायड्रोजन साठत गेला तर आंबण्याची क्रियाच मंदावते, म्हणून तो कुणीतरी उचलावा लागतो. ते काम आर्किया करतात. हायड्रोजनचे चार रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक, त्यातून एक मिथेनचा रेणू आणि दोन पाण्याचे. मग गाय ढेकर देते आणि मिथेन बाहेर. (तो मागच्या बाजूनं जातो असा समज पक्का रुजलाय, पण नव्वद टक्क्यांहून जास्त मिथेन तोंडा-नाकावाटेच जातो.)

चारा तंतुमय असेल तर ॲसिटिक जास्त, म्हणून हायड्रोजन जास्त, म्हणून मिथेन जास्त. पिष्टमय खुराक वाढवला तर प्रोपिओनिक वाढतं आणि खाल्लेल्या दर किलोमागे मिथेन घटतो. ‘मग धान्यच घाला की’ असं म्हणणारे लोक इथे थांबतात. पुढचं कुणी वाचत नाही.

पण त्याआधी एक हिशेब करून बघू, कारण ‘मिथेन किती’ या प्रश्नाला ‘कशामागे’ हा शेपूट नसेल तर उत्तर फसवं येतं. चाऱ्याच्या एक किलो शुष्क पदार्थात (म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागात) साधारण १८.४ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि बेताच्या चाऱ्यावर त्यातली साडेसहा टक्के मिथेनच्या रूपानं उडून जाते. एक गाय दिवसाला १० किलो शुष्क पदार्थ खाते, निकृष्ट वैरण आहे, दूध ८ लिटर. तिचा मिथेन दिवसाला सुमारे २१५ ग्रॅम येतो, म्हणजे लिटरमागे २७ ग्रॅम. दुसरी गाय चांगली वैरण आणि मोजका खुराक मिळून १८ किलो खाते, मिथेनवाटे जाणारा वाटा ६ टक्के धरा, दूध २५ लिटर. तिचा मिथेन दिवसाला ३६० ग्रॅमच्या आसपास, पण लिटरमागे १४. गाईमागे मोजलं तर दुसरी गुन्हेगार, दुधामागे मोजलं तर पहिली. कारण उघड आहे. गाय दूध देवो न देवो, जगायला, उभं राहायला, अंग गरम ठेवायला तिला रोज ठरावीक खायला लागतंच. तो पोटगीचा खर्च ८ लिटरवर वाटायचा की २५ वर, एवढाच प्रश्न.

यात एक पोटगी लोक मोजत नाहीत: गोठ्यातली बिनदुभती जनावरं. पहिल्या वेताला चाळिसाव्या महिन्यात येणारी कालवड आणि सव्वीसाव्या महिन्यात येणारी कालवड यांच्यात चौदा महिन्यांचा मिथेन आहे, ज्याच्या बदल्यात दुधाचा थेंब नाही. भाकड दिवस लांबणं, वासरं मरणं, गाय दोन वेतांत काढून टाकावी लागणं, हे सगळं हवेच्या हिशेबात येतं. वाढीच्या वयात कालवडीला उपाशी ठेवून वाचवलेली वैरण पुढे दुप्पट वसूल होते. जगभरच्या आकडेवारीत हेच दिसतं: गाईमागचं वार्षिक दूध हजार-दोन हजार किलोंपर्यंत चढताना लिटरमागचं उत्सर्जन झपाट्यानं उतरतं, त्यानंतर उतार मंदावतो. म्हणून तीस लिटरच्या गाईला चाळिसावर नेऊन पृथ्वी वाचवतो म्हणणाऱ्याचं मी फार मनावर घेत नाही. पाच लिटरच्या गाईला दहावर नेणाऱ्याचं घेतो.

आता धान्याकडे. पिष्ट वाढवलं की मिथेन घटतो हे खरं, पण आम्लही वेगानं तयार होतं. गाईचा यावरचा उपाय म्हणजे लाळ. दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ गाय गिळते आणि त्यातला बायकार्बोनेट कोठीपोटाचा सामू (आम्लतेचं माप, pH; तो जितका खाली तितकं आम्ल जास्त) सावरून धरतो. लाळ सुटते चावताना आणि रवंथ करताना, आणि रवंथ होतो लांब, खरबरीत वैरणीमुळे. खुराक वाढवून वैरण कमी केली की आम्ल वाढतं आणि नेमकी तेव्हाच लाळ घटते. सामू दिवसातले बरेच तास साडेपाच-पावणेसहाच्या खाली राहिला की तंतू पचवणारे जिवाणू गळाठतात, कोठीपोटाचं अस्तर सुजतं, खूर दुखायला लागतात.

एका गोठ्यात दुधाचं फॅट ३.९ टक्क्यांवरून ३.१ वर आलं म्हणून मला बोलावलं होतं. मालकाचा संशय वळूच्या जातीवर. मी पोचलो तेव्हा दुपारी गाई बसलेल्या होत्या. बसलेल्या दहांपैकी निदान पाच-सहा तरी रवंथ करत असायला हव्यात. इथे मोजून दोन. शेण पातळ, त्यात बुडबुडे. एक ओंजळभर शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुतलं. खाली राहिला मक्याचा भरडा, न पचलेला, आणि बोटाच्या पेराएवढे वैरणीचे तुकडे. मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) इतका बारीक कापलेला की चावायला काही उरलंच नव्हतं, आणि सगळा खुराक सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी एकदम. खुराक तेवढाच ठेवला, फक्त चार वेळा वाटून द्यायला लावला, वर रोज दीड किलो लांब काड. तीन आठवड्यांत फॅट पूर्वपदावर. वळू निर्दोष सुटला.

फॅट का पडलं हे सांगण्यासारखं आहे, कारण आहार दुधात कसा उतरतो याचं ते उत्तम उदाहरण आहे. दुधातली जवळपास निम्मी चरबी कास स्वतः बनवते, आणि त्यासाठीचा मुख्य कच्चा माल म्हणजे तेच ॲसिटिक आम्ल. उरलेली निम्मी रक्तातून, म्हणजे आहारातून आणि अंगावरच्या चरबीतून येते. ॲसिटिक कमी पडणं हे एक कारण. पण मोठं कारण वेगळंच निघालं. चाऱ्यातली असंतृप्त मेदाम्लं जिवाणूंना घातक असतात, म्हणून ते त्यांना हायड्रोजन जोडून संतृप्त करतात. हे काम टप्प्याटप्प्यानं होतं. सामू ठीक असेल तर मधल्या टप्प्यावर व्हॅक्सिनिक आम्ल तयार होतं. सामू पडला की वाट बदलते आणि ट्रान्स-१०, सिस-१२ अशा रचनेचं एक लिनोलेइक आम्ल तयार होऊ लागतं. हे दिवसाला काही ग्रॅम जरी कासेपर्यंत पोचलं तरी तिथला चरबी बनवण्याचा कारखाना मंद पडतो. एवढ्याशा रेणूनं बादलीभर दुधाचं फॅट उतरवावं, याचं मला अजून नवल वाटतं.

सरळ वाट चालू असते तेव्हा काय होतं? व्हॅक्सिनिक आम्ल कासेत पोचतं आणि कास त्यातून दुसऱ्या रचनेचं, सिस-९, ट्रान्स-११ लिनोलेइक आम्ल बनवते. कुरणावरच्या दुधाची जाहिरात करताना ज्याचं नाव घेतात ते हेच. हिरव्या कोवळ्या गवतावरच्या गाईच्या दुधात हे जास्त असतं, ओमेगा-३ जास्त असतं, बीटा-कॅरोटिनही जास्त असतं. हा फरक खरा आहे, मोजता येतो, आणि गवत वाळलं की घटतो, कारण वाळवताना उन्हात कॅरोटिन आणि नाजूक मेदाम्लं दोन्ही उडतात. पण प्रमाण विसरू नका. दुधातलं ओमेगा-३ दुप्पट झालं तरी मुळात ते चरबीच्या एखाद-दोन टक्क्यांच्या घरातलं. चमचाभर जवसात त्याहून कितीतरी जास्त असतं. कुरणावरचं दूध चांगलंच असतं, औषध मात्र नसतं.

रंगावरून पारख करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. गाईच्या दुधाचा पिवळेपणा कॅरोटिनचा. म्हैस बहुतेक कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं दूध हिरव्या चाऱ्यावरही पांढरंच. शेळीचंही तसंच. तेव्हा पांढरं दूध म्हणजे कसहीन दूध असा निष्कर्ष काढू नका.

ब१२ जीवनसत्त्वाची कथा आणखी मजेची. ते ना वनस्पती बनवते ना प्राणी, फक्त सूक्ष्मजीव बनवतात. रवंथ करणाऱ्या जनावरांत हे काम कोठीपोटातले जंतू करतात, आणि त्यासाठी त्यांना कोबाल्ट लागतं, चाऱ्याच्या किलोमागे मिलिग्रॅमचा एक-दोन दशांश. जमिनीतच कोबाल्ट नसेल तर हिरव्यागार कुरणात उभी राहून मेंढरं खंगतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अशा ‘शापित’ चराऊ जमिनींचं कोडं १९३० च्या दशकात कोबाल्टमुळे सुटलं. दुधातलं आयोडीन आणि सेलेनियमही असंच, गव्हाणीतल्या खनिज मिश्रणावर हलतं.

चाऱ्यातून नको ते उतरतं त्याबद्दल लोक कमी बोलतात, आणि माझ्या मते ग्राहकानं ओमेगा-३ पेक्षा याचीच चौकशी करावी. बुरशी लागलेला मका, शेंगदाणा पेंड किंवा सरकी पेंड यांत अफ्लाटॉक्सिन बी-१ हे बुरशीचं विष असू शकतं. गाय ते खाते, तिचं यकृत त्याचं एम-१ करते, आणि एका दिवसाच्या आत ते दुधात दिसू लागतं. खाल्लेल्यापैकी साधारण एक ते सहा टक्के दुधात उतरतं, जास्त दूध देणाऱ्या गाईत जास्त. उकळून ते जात नाही, पाश्चरीकरणानंही नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपीय संघात त्याचा दहावा भाग, ०.०५. समाधान एवढंच की खराब खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध साफ होतं. पेंडीचं पोतं उघडल्यावर कुबट वास आला तर ते पोतं ‘थोडं थोडं करून संपवू’ म्हणणारे मी खूप पाहिलेत. संपतं ते, दुसऱ्याच्या पेल्यात.

मुरघासाचंही एक असंच. नीट दाबलेला, हवाबंद, सामू चारच्या आसपास उतरलेला मुरघास उत्तम. माती मिसळलेल्या किंवा ओल्या गचक मुरघासात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू वाढतात, शेणावाटे सडांवर आणि सडांवरून दुधात येतात. पिण्याच्या दुधात त्यांचा उपद्रव कळत नाही. पण महिनोन्‌महिने मुरवायच्या कडक चीजमध्ये ते आतून वायू सोडतात आणि चक्की फुगून तडकते. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो आणि फ्रान्सचं कोंते या चीजच्या नियमांत गाईंना मुरघास घालायला बंदी आहे, ती याच भीतीतून. वासाचा नियम सोपा आहे. कांदा-लसणाच्या जातीची तणं, उग्र वासाचा पाला, मुरघास हे धारेनंतर द्या, धारेच्या आधी नको. वास श्वासातून आणि रक्तातून तासाभरात दुधात पोचतो.

आणि ब्रिटनचा धडा विसरून चालणार नाही. गाईंना मांस-हाडांची भुकटी प्रथिन म्हणून चारली जात होती. १९८६ मध्ये तिथे गाईंचा वेड लागल्यासारखा मेंदूरोग ओळखला गेला, १९८८ मध्ये ती भुकटी रवंथ करणाऱ्या जनावरांना घालण्यावर बंदी आली आणि १९९६ मध्ये माणसांतल्या एका जीवघेण्या मेंदूरोगाशी त्याचा संबंध असल्याचं सरकारनं मान्य केलं. स्वस्त प्रथिन म्हणून कुणी काहीही पुढे केलं की मला ही वर्षं आठवतात.

प्रथिनांचा विषय निघालाच आहे तर नत्राकडे येतो. सगळी चर्चा मिथेनभोवती फिरते. माझ्या रोजच्या कामात मात्र सर्वांत मोठी उधळपट्टी नत्राची दिसते. ‘जास्त प्रथिन म्हणजे जास्त दूध’ ही समजूत काही केल्या जात नाही. हिशेब बघा. गाय १८ किलो शुष्क पदार्थ खाते, त्यात १८ टक्के प्रथिन. म्हणजे रोज जवळपास ५२० ग्रॅम नत्र पोटात. २५ लिटर दुधातून बाहेर पडतं सुमारे १२५ ग्रॅम. चौथा हिस्सा दुधात, बाकी तीन हिस्से शेणामुतात. प्रथिन १६ टक्क्यांवर आणलं, आणि अमिनो आम्लं आणि ऊर्जा यांचा मेळ ठेवला तर दूध बहुधा तेवढंच राहतं, पण आत जाणारं नत्र रोज ५७ ग्रॅमनी घटतं. ३०५ दिवसांच्या वेतात एका गाईमागे १७ किलोंहून जास्त.

हे वाचलेलं नत्र बहुतेक मुतातलं असतं, आणि तेच जास्त त्रासाचं. जंतूंना वापरता येईल त्याहून जास्त प्रथिन कोठीपोटात फुटलं की अमोनिया होतो, रक्तात जातो, यकृत त्याचं युरिया करते आणि मूत्रपिंड तो फेकून देतं. यात गाईची ऊर्जाही खर्च होते. मूत गोठ्यात शेणात मिसळलं की शेणातलं युरिएज विकर काही तासांत त्याचा पुन्हा अमोनिया करतं. पहाटे बंद गोठ्याचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, ते तुमच्या पेंडीचे पैसे उडून चाललेले असतात. हा अमोनिया पावसाबरोबर दूरवर उतरतो, नत्र न सोसणारी रानफुलं मारतो आणि मातीत त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो, जो तापवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून भारी आहे. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबानं २७ ते ३० पट, वीस वर्षांच्या हिशेबानं ८० पटींच्या आसपास, पण तो बारा-एक वर्षांत विरतो. नायट्रस ऑक्साइड शतकभर टिकतो. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये नत्राच्या परवान्यांची पद्धत न्यायालयीन निकालानं कोसळली आणि दूधधंद्यासकट बांधकामंही अडकली. तिथवर गोष्ट जाते.

तपासणी सोपी आहे: दुधातलं युरिया-नत्र. डेसिलिटरला १० ते १४ मिलिग्रॅम ठीक. सतत १८-२० येत असेल तर एकतर प्रथिन जास्त आहे किंवा त्याला साथ देणारी ऊर्जा कमी. नुसत्या कोवळ्या लसूणघासावर ठेवलेल्या गाईत हेच दिसतं. तिथे पेंड वाढवू नका, थोडं पिष्ट द्या, नाहीतर टॅनिन (तुरट चवीचं द्रव्य) असलेला पाला मिसळा. टॅनिन बेताचं असेल तर ते कोठीपोटात प्रथिनाला धरून ठेवतं आणि नत्राचा ओघ मुताकडून शेणाकडे वळवतं. शेणातलं नत्र सेंद्रिय रूपात असतं, सावकाश सुटतं, खत म्हणून मातीला पचतं. स्फुरदाचंही असंच होतं. कोठीपोटातले जंतू धान्यातला बांधलेला स्फुरद मोकळा करतात, तरी वरून ‘गाभ धरायला मदत होते’ म्हणून जादा दिला जातो, आणि तो ओढ्या-तळ्यात शेवाळ माजवतो. गरजेपेक्षा जादा स्फुरदानं गाभ धरायला काहीच मदत होत नाही.

आता माणसाच्या ताटाचा मुद्दा, कारण धान्य घालायचं का याचं माझं उत्तर शेवटी यावरच ठरतं. रवंथ करणाऱ्या जनावराचं खरं मोल हे की ते आपल्याला न पचणाऱ्या वस्तूचं दूध-मांस करतं. अन्न व कृषी संघटनेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगातली सगळी पाळीव जनावरं, कोंबड्या-डुकरं धरून, वर्षाला सुमारे ६०० कोटी टन शुष्क पदार्थ खातात आणि त्यातला ८६ टक्के माणसाला खाण्याजोगा नसतो: गवत, पाला, काड, कोंडा, पेंड. गाय धान्यावर वाढवली की मिथेन थोडा घटतो, पण ते धान्य पिकवायला जमीन, खत, डिझेल लागलं, खतातून नायट्रस ऑक्साइड निघाला, आणि धान्याचं मांस होताना बहुतेक ऊर्जा वाटेतच गेली. उलट बाजूही तितकीच खरी. निव्वळ कुरणावरचं मांसाचं जनावर सावकाश वाढतं, जास्त महिने जगतं, म्हणून किलोमागे मिथेन जास्त आणि जमीनही जास्त लागते. ती जमीन डोंगरउताराची, दुसरं काही न पिकणारी असेल तर प्रश्न वेगळा. जंगल तोडून काढलेली असेल तर कुठल्याही गवताचा कस तो हिशेब भरून काढू शकत नाही. ॲमेझॉनमधल्या जंगलतोडीचं सर्वांत मोठं कारण गुरांची कुरणंच आहेत.

कुरणातली माती कार्बन साठवते हेही तपासून घ्या. खरं आहे, उजाड झालेली जमीन नीट चराईनं सावरते तेव्हा ती कार्बन धरते. पण काही दशकांत तिची ताटली भरते, मिथेन मात्र दरवर्षी चालूच राहतो, आणि एक नांगरट किंवा एक लांबलेला दुष्काळ साठा मोकळा करू शकतो. म्हणून मी चराई सुधारा म्हणतो, पण त्यावरून ‘कार्बनमुक्त मांस’ लिहू नका असंही म्हणतो.

शेवाळ आणि पुड्या. ॲस्परागॉप्सिस नावाच्या लाल शेवाळात ब्रोमोफॉर्म असतं, ते मिथेन बनण्याची शेवटची पायरी अडवतं. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातून आलेल्या प्रयोगात मांसाच्या गुरांत ८० टक्क्यांपर्यंत घट दिसली. आकडा दिपवणारा आहे. पण दुभत्या गाई ते मिसळलेलं खाद्य कमी खातात असं प्रयोगांत दिसलंय, त्यात आयोडीन भरमसाट असतं आणि ते दुधात उतरतं, आणि ब्रोमोफॉर्म स्वतः काही निरुपद्रवी वस्तू नाही. वाळवलेलं शेवाळ साठवणीत त्याचा गुणही गमावतं. मी आज कुणाच्या गोठ्यात ते सुचवणार नाही. ३-नायट्रॉक्सीप्रोपॅनॉल ही कृत्रिम पूड जास्त तपासलेली आहे. ती मिथेन बनवणाऱ्या शेवटच्या विकराला अडवते, दुभत्या गाईत मिथेन सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास घटवते, युरोपीय संघानं २०२२ मध्ये आणि अमेरिकेनं २०२४ मध्ये तिला वाट दिली. अडचण अशी की ती काही तासच टिकते, म्हणून प्रत्येक घासात हवी. मिश्र आहार गव्हाणीत खाणाऱ्या गाईला जमतं, दिवसभर रानात चरणाऱ्या गाईला नाही, आणि चारा जितका तंतुमय तितका तिचा गुण कमी. शिवाय वाचलेली ऊर्जा दुधात दिसेल ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते. त्यामुळे दुसरं कुणी मोबदला देणार नसेल तर शेतकऱ्यानं ती का विकत घ्यावी, याला माझ्याकडे उत्तर नाही. तेलबिया किंवा तेल हा जुना उपाय आहे, आहारात चरबी एक टक्का वाढली की मिथेन ४ टक्क्यांच्या आसपास उतरतो. पण एकूण चरबी सहा-सात टक्क्यांपुढे गेली की तंतूंचं पचन बसतं. नायट्रेटनंही मिथेन घटतो, पण मात्रा चुकली तर रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं आणि जनावर तासाभरात आडवं होतं. घरगुती प्रयोगाची ती गोष्ट नाही.

तर तुम्ही कुठून सुरुवात करावी? विळ्यापासून. बहुतेक गोठ्यांत वैरण कापायला उशीर होतो, कारण उभं पीक जास्त भारा देतं. फुलोरा उलटून बी धरलं की लिग्निन (न पचणारं काष्ठमय द्रव्य) वाढतं, पचनीयता घसरते, गाय कमी खाते, आणि ती तूट भरायला खुराक ओतला जातो. तेच गवत फुलोऱ्याच्या तोंडावर कापलं तर भारा कमी, पण त्यातून पचणारा माल जास्त, खुराक कमी, आणि लिटरमागे मिथेनही कमी. भुसा-काड हीच मुख्य वैरण असेल तर युरियाची प्रक्रिया करा: १०० किलो काडाला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर देत दाबून, गच्च झाकून तीन आठवडे. उघडल्यावर अमोनिया उडू द्या आणि मगच घाला. वासरांना नको, आणि कोरडा युरिया जनावराच्या तोंडी लागेल असा कुठेही ठेवू नका. त्यानं मेलेली गाय मी पाहिली आहे, अर्ध्या तासाचा खेळ असतो.

त्यानंतर आठवडाभर तीन गोष्टी लिहून ठेवा: गव्हाणीत टाकलेलं वजन, सकाळी उरलेलं वजन, आणि दुपारी बसलेल्या गाईंपैकी रवंथ करणाऱ्या किती. दुधाचं फॅट आणि युरिया-नत्र तपासून घ्या. स्वयंपाकघरातून एक जुनी चाळणी मागून घ्या, परत द्यायची नाही हे आधीच सांगून. प्रत्येक गटातल्या एका गाईचं शेण धुऊन बघा. दाणे दिसले तर भरडा बदला, लांब काड्या दिसल्या तर वैरण उशिरा कापली गेलीय किंवा कोठीपोट बिनसलंय, चिकट पापुद्रे दिसले तर आतड्याचं अस्तर सुटतंय, तिथे खुराक लगेच कमी करा. एवढे आकडे आणि चाळणीचा फोटो घेऊन पुन्हा विचारा, मग तुमच्या गोठ्याचा आहार बसवू.